होडी तयार आसा

केशव माझ्या गिरणीत कधी बसला नाही. दळण टाकलं की माणसं बाकावर टेकतात, पान जुळवतात, कोणाच्या घरात काय चाललंय त्याची चौकशी करतात. पण हा बाबा यायचा, पिशवी उंबऱ्यावर ठेवायचा, "वयनी, तांदूळ आसत, बारीक काढा," एवढं बोलायचा आणि पाठमोरा व्हायचा. मी पिशवीचं तोंड सोडेपर्यंत तो खाली धक्क्याला जाऊन होडीत बसलेला असायचा. पीठ न्यायला संध्याकाळी दुसरी खेप. तेव्हाही आत पाऊल नाही. उंबऱ्याबाहेरून हात लांब करून पिशवी घ्यायची, बाजूला जाऊन लुंगी झटकायची, डोक्यावरचा पंचा काढून झटकायचा, हात कोपरापर्यंत खाडीत धुवायचे आणि मगच वल्ह्याला हात लावायचा.

सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. माझं पीठ म्हणजे काय विटाळ आहे? एकदा तोंडावर विचारलंसुद्धा. तो ओशाळला. म्हणाला, "तसा नाय वयनी. पीठ आंगार बसता आणि घराक गेल्यार शालनाक तरास होता." शालन म्हणजे त्याची बायको. तिला दमा होता. साधासुधा नव्हे, एकदा सुरू झाला की बाईच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या. मग मी काय बोलणार? त्या दिवसापासून मीच त्याची पिशवी बाहेरून ओल्या फडक्याने पुसून द्यायला लागले.

तो राहायचा समोरच्या जुव्यावर. जुवा म्हणजे खाडीच्या पोटातलं बेट. मसुऱ्याच्या बाजूने खाली आलात की दिसतं, चहूकडे पाणी आणि मध्ये माड, थोडी भातशेती, मोजकी घरं. पूल नाही. पूल मंजूर झाल्याचं दर निवडणुकीला कळायचं आणि निवडणूक झाली की तो परत नामंजूर होत असावा. त्यामुळे तिथे प्रत्येक घराला होडी असते, जशी आपल्याकडे प्रत्येक घराला विहीर. पण पावसाळा आला की त्या होड्या काठावर ओढून पालथ्या घालायच्या आणि वर माडाच्या विणलेल्या झापांचं शाकारणं करायचं. पावसाचे महिने सगळ्या जुव्याची मिळून एक मोठी होडी चालते, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कोणाला मधल्या वेळेत काय झालं तर देव बघून घेईल, असा कारभार.

अठ्ठ्याण्णव सालच्या आषाढात शालनला भर दुपारी दम लागला. मोठी होडी ह्या बाजूला बांधलेली. केशवाने आपल्या होडीवरची झापं ओढून टाकली, शेजारच्या पांडूला हाक मारून ती उलटी केली आणि पाण्यात लोटली. वैशाखापासून सुकलेलं लाकूड ते. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. केशव वल्हवतोय, त्याची म्हातारी आई कळशीने पाणी उपसतेय आणि शालन होडीचा काठ धरून तोंड वासून बसलेली. मी धक्क्यावर उभी होते. ती ह्या बाजूला लागली तेव्हा तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. वाचली. पण त्या दिवशी केशवाच्या डोक्यात जे शिरलं ते परत निघालं नाही.

पाऊस सरल्यावर तो होडी बघायला निघाला, आणि ऐका, बायकोला बरोबर घेऊन निघाला. आमच्याकडे होडी घ्यायची तर चार जाणती पुरुषमाणसं जातात, बाईमाणसाला कोणी त्यात विचारत नाही. जुव्यावर हसून हसून पुरेवाट झाली. पांडू म्हणाला, "सोयरीक बघूक गेलो जनू." शालननेच मला सगळं सांगितलं, माझ्या मागच्या पडवीत बसून. ती गिरणीत यायची नाही, पडवीत यायची. देवगडला एक नवीकोरी फायबरची होडी बघितली. केशवाने तिला आत बसवलं. उन्हाने तापलेल्या त्या फायबरचा असा वास सुटला की तिला तिथेच खोकला लागला. झालं, फायबर बाद. दुसऱ्या ठिकाणची होडी पाय ठेवला की डुलायची. तिसरीचा काठ उंच, दम लागलेलं माणूस त्यात चढणार कसं? प्रत्येक होडीत शालनने बसायचं, पुढच्या आडव्या फळीवर दोन्ही हात टेकून वाकायचं आणि श्वास घेऊन दाखवायचा. दमेकऱ्याला आडवं होता येत नाही, पुढे वाकून बसावं लागतं. होडीवाले बघतच राहायचे.

"माका वाटला, धरणीन पोटात घेवचा," शालन मला म्हणाली. "पन वयनी, आचऱ्याक एक जुनी गावली. उंडीच्या लाकडाची. तिच्या फळयेर हात टेकल्यार असा बरा वाटला, जसा कोणी तरी धरल्यान." मग केशवाने काय करावं? त्या होडीत घागरीने पाणी भरलं, तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खालून हात फिरवला. तळ कोरडा होता. तेव्हा कुठे ती ठरली.

होडी ठरली, आता ती ठेवायची कुठे? काठावर ओढून ठेवली तर सुकणार आणि सांधे उघडणार. पाण्यात उघडी ठेवली तर वरून ऊन लाकूड फोडणार, पावसात आत पाणी भरणार. केशव म्हणायचा, "खाली पाणी व्हया आणि वर सावली व्हयी. माणसाक काय वेगळा लागता?" त्याने आपल्या घरासमोरचा काठ कापला. होडी आत शिरेल एवढा चर खणला, दोन्ही बाजूंना चिरे लावले आणि वर माडाच्या खांबांवर उंच छप्पर घातलं, पत्रे आणि पत्र्यावर झापं. पाण्यातली खोप. अशी खोप ना त्या जुव्यावर कोणी बघितली होती ना आमच्या काठाला. होडीचा दोर त्याने खांबाला बांधला नाही. खांबाभोवती सायकलचा जुना टायर सैल घातला आणि दोर त्या टायरला बांधला. भरती आली की टायर खांबावरून वर सरकायचा, ओहोटीला खाली यायचा, होडी आपल्या जागी. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कायम आमच्या काठाकडे. वळवण्यात वेळ जायला नको.

मग त्या होडीची चाकरी सुरू झाली. दर पंधरवड्याला काजूच्या सालीचं तेल, हात काळे होईपर्यंत. सकाळ-संध्याकाळ आतलं पाणी पुसायचं. वल्ही होडीतच, डोळे मिटून हात टाकला तरी सापडतील अशी. फळीखाली पत्र्याच्या डब्यात शालनचा पंप, कोरडं लुगडं, पाण्याची बाटली. नाळेत अजून एक डबा, रिकामा, तेलाचा. तो माझ्यासाठी. केशव निघाला की वाटेत वल्ह्याने तो डबा बडवायचा. तो आवाज आला की मी गिरण बंद करून रिक्षावाल्याला फोन लावायचा. असं आमचं ठरलेलं होतं आणि मी एकदाही चुकले नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते.

त्याला कुणी, "कसो आसंस रे केशवा?" विचारलं की उत्तर एकच. "होडी तयार आसा." पाऊस कसा आहे, शेत कसं आहे, म्हातारी कशी आहे, काहीही विचारा. लोकांनी त्याचं नावच ते पाडलं. शालन चिडवायची, "ह्येंची पयली बायल ती होडी. मी दुसरी." मी एकदा तिला म्हटलं, एवढा जीव टांगणीला लावून घेण्यापेक्षा ह्या काठाला येऊन राहा. तर म्हणाली, ह्या बाजूला चिरेखाणीचे ट्रक, सगळा रस्ता लाल धुळीचा, इथे तर मी रोज मरेन. तेही खरंच होतं.

आंगणेवाडीच्या जत्रेला सगळा मुलूख लोटतो. केशव एकटा जायचा, ओटी भरून यायचा, तोंडात काही न घालता दुपारच्या आत परत. आणि ती होडी तो कोणाला द्यायचा नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला नाही म्हणाला. एका वर्षी पांडूने गणपती विसर्जनाला मागितली, तेलाने नुसती चकाकत होती म्हणून. तर केशव काय म्हणाला असेल? "देवाक दम लागणा नाय." पांडू महिनाभर बोलला नाही. पण पांडूच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तोच केशव, हाक मारायच्या आत, होडी घेऊन त्यांच्या पायरीला उभा. आजारी माणूस कोणाचंही असो, नेलं. मयत मात्र कधीच नाही.

ह्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुव्यावर जाळत नाहीत. माणसं राहतात, भात पिकतं, पिण्याची विहीर तिथे. मयत होडीतून ह्या बाजूला आणतात, आमच्या वरच्या अंगाला स्मशान आहे तिथे. आणि ज्या होडीतून मयत गेलं ती बाराव्यापर्यंत काठावर पालथी. तेराव्याला नारळ फोडून सुलटी करायची. तोवर तिच्यात बसायचं नाही, कारण मयत नेलेली होडी बारा दिवसांत दुसरं माणूस मागते. कोणाला हसायचं असेल त्याने हसावं. मी खाडीच्या काठावर जन्म काढलाय, मी हसत नाही. शालनही हसायची नाही, आणि केशव तर नाहीच.

केशवाची आई शंभरदा सांगून चुकली होती. माझ्याकडे आली तरी तेच. "गो, माका काय्येक नको. मेल्यार माका त्येंच्या बाजूक न्हेवन ठेवा म्हणजे झाला." तिचा नवरा तरुणपणीच गेलेला, ह्या बाजूच्या स्मशानात जाळलेला. तिचं जन्माचं मागणं तेवढंच.

दोन हजार पाचच्या पावसात ती गेली. दिवसच तसे होते. खाडी तांबडीलाल, झाडंच्या झाडं वाहत चाललेली. सगळ्यांची ती मोठी होडी दोर तुटून खाली कांदळाच्या झाडीत जाऊन अडकलेली. बाकीच्या होड्या झापांखाली सुकलेल्या. पाण्यात घातल्या तर फुगून सांधे मिटायला दोन दिवस लागणार. तरंगत होती ती एकच. आणि त्याच महिन्यात शालनला दोनदा दम लागून गेला होता.

केशवाची बहीण सुमन, वरच्या वाडीत दिलेली, निरोप मिळाल्याबरोबर भिजत धावत आली आणि माझ्या गिरणीच्या पायरीवर बसली. रडून रडून तिचा आवाज बसलेला. थोड्या वेळाने केशवाची होडी पाण्याला तिरकी घालून आली. तो वर आला. त्या दिवशीसुद्धा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, डोक्यावरून पाणी गळतंय.

"चल," तो म्हणाला. "शेवटचा तोंड बघून घे."

सुमन उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. "आणि मगे? आये ह्या बाजूक कशी येतली?"

"येवची नाय. थंयच करतलंय."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती मटकन परत बसली. "जुव्यार? बाबांच्या बाजूक जावचा होता तिका. जल्मभर दुसरा काय मागला तिना?"

"माका ठावक आसा."

"मगे?"

"होडी बाराव्यापर्यंत पालथी पडतली, सुमन. शालनचो श्वास बरो नाय."

"शालनाक माझ्या घराक ठेव."

"सुतकात? तुझी सासू घेतली तिका घरात?"

सुमनची सासू कशी आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी माझं घर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या घरात गिरण, भिंतींना बोट लावलं तरी पीठ.

"माका न्हेवक होडी चलता," सुमन हळू म्हणाली, "आणि तिका न्हेवक चलणा नाय."

"तू जिती आसंस," केशव म्हणाला.

त्याने हे कठोरपणाने म्हटलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं की आता हा माणूस इथेच कोसळणार. पण सुमनला ते दिसलं नाही. तिला फक्त शब्द लागले. ती म्हणाली, "ह्या होडयेत मी बसूचंय नाय. जा तू." मग खाली जाऊन त्याने वल्ही उचलली.

नंतर मी आणि सुमन पायरीवर बसून समोर बघत राहिलो. पावसाच्या पडद्यातून जुवा जेमतेम दिसत होता. तेवढ्यात खोपीचं छप्पर एका बाजूने खाली यायला लागलं. मला वाटलं, खांब गेले, खोप पडली. पण नाही, कोणीतरी पत्रे काढत होतं, एकेक. मग वासे निघाले. पावसात चिता पेटायची कशी? लाकडं सुकी हवीत, वर आडोसा हवा. त्या अख्ख्या जुव्यावर सुकं आणि उंच असं काही असेल तर तेच छप्पर. त्याने वासे मोडून सरणाला घातले, चार खांब रोवून त्यावर पत्रे धरले आणि खालच्या टोकाला, पाण्याजवळ, आईला अग्नी दिला. पांडू शिव्या देत होता आणि शिव्या देत देतच पत्र्याचं एक टोक धरून उभा होता, हे मला शालनने मागाहून सांगितलं. शालनने त्याला पाय धरून विनवलं होतं, न्हे तिका, माका काय होवचा नाय. तो तिला म्हणाला, "ता तुझ्या हातात आसा काय?"

धूर वर जाईना. पाण्यालगत पसरत आमच्या काठापर्यंत आला. सुमन त्या धुरात बसून राहिली, पदर तोंडाला लावला नाही. नंतर उठून घरी गेली आणि भावाशी बोलणं तिने सोडलं.

जुव्यावरच्या लोकांनीही सोडलं. वाळीत टाकलं असं कोणी तोंडाने म्हटलं नाही, तेवढी सोय माणसं ठेवतात. पण खोप शाकारायला झापं लागतात, चार हात लागतात. ते कोणी दिले नाहीत. म्हणाले, जमीन बाटवलीस, आता भोग. खोपीचे नुसते खांब उरले आणि वरून धो धो पाऊस. होडी भरायची. केशव त्यात उभा राहून अर्ध्या कापलेल्या डब्याने पाणी उपसायचा. सकाळी मी गिरण उघडताना तो उपसत असायचा, बंद करताना उपसत असायचा. डोक्यावर इरलं नाही. इरलं त्याने होडीच्या पुढच्या फळीवर घातलं होतं, शालनची हात टेकायची जागा भिजू नये म्हणून. मला इथून दिसायचं आणि माझा जीव तुटायचा. अरे, आई गेलीय तुझी, जरा रड, जरा बस कुठेतरी. कोणाला सांगणार?

म्हातारीचं बारावं अजून व्हायचं होतं, श्रावणात एका सकाळी डबा वाजला. मी फोन लावून खाली धावले. पाण्याचा जोर तसाच होता, पण ती होडी सरळ आली. शालन फळीवर हात टेकून वाकलेली, डोळे मिटलेले, पण ओठांचा रंग माणसाचा होता. रिक्षा उभीच होती. दवाखान्यातून परत येताना ती माझ्या पडवीत थांबली. समोर जुव्याकडे बघत म्हणाली, "आये थंय रवली, म्हणान मी हय पावलंय." आणि रडायला लागली. मी तिला रडू दिलं नाही, रडून दम लागतो. तिला तेवढंही सुख नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस यायच्या आधी पांडू काहीही न बोलता झापांची गाठोडी घेऊन आला आणि खोप परत शाकारली गेली. अशी आणखी तीनेक वर्षं गेली. किती वेळा डबा वाजला ते मी मोजलं नाही. दर वेळी ती पोचली. केशव पन्नाशीतच म्हातारा दिसायला लागला होता, एक कान कायम घराकडे, बोलता बोलता मध्येच गप्प होऊन ऐकायचा.

दोन हजार नऊच्या थंडीत, मार्गशीर्षातली गोष्ट. स्वच्छ ऊन, वारा नाही, खाडी निपचित. असल्या दिवसांत तिला कधी काही व्हायचं नाही. डबा वाजला तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. फोन केला, खाली गेले. होडी जुव्यापासून सुटलेली होती आणि तो जीव खाऊन वल्हवत होता, नेहमीसारखा. शालन नेहमीसारखी फळीवर हात टेकून वाकलेली. रिक्षावाल्याने वर रिक्षा आणून लावली, इंजिन चालूच ठेवलं.

खाडीच्या मध्यावर केशव थांबला.

वल्ही पाण्यातून वर घेतली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मग पुढे सरकून त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात तसाच राहिला. ओहोटी होती, होडी हळूहळू खालच्या अंगाला वाहत चालली. मी हाक मारणार होते, पण काय म्हणून मारू? किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्याने परत वल्ही धरली आणि हळू, अगदी सावकाश, आमच्या काठाकडे वळला. इतकं सावकाश वल्हवताना मी त्याला तोवर बघितलं नव्हतं. हाकेच्या टप्प्यात आल्यावर म्हणाला, "वयनी, रिक्षा परत धाडा."

ती अंगणात वाल सोलत बसली होती आणि बसल्या जागी कलंडली; होडीत तिला फळीवर टेकवून बसवलं ते केशवाने. दम लागला नव्हता, खोकला नव्हता. दाखला द्यायला आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढ्या वर्षांत त्या बाजूचा विचार कोणी केला नव्हता.

मी धक्क्यावर उभीच होते. कोणाकडून कळलं कोण जाणे, सुमन आली. होडीची नाळ तिनेच धरली, वहिनीला उतरवायला हात लावला, स्मशानापर्यंत चालली. भावाशी बोलली मात्र नाही. केशवाच्या वडलांना जिथे जाळलं होतं तिथेच शालनला जाळलं. दुसरी जागाच नव्हती.

केशवाने होडी परत नेली आणि पालथी घातली. खोपीच्या सावलीत नव्हे, उघड्यावर, उन्हात. तेराव्याला पांडू नारळ घेऊन गेला तर म्हणाला, "रवां दे." नंतर शिमगा आला, गेला. ती तशीच. इथून मला तिचा काळा पालथा तळ दिसायचा, आणि बाजूला खोप, आत नुसतं पाणी, भरतीला वर येणारं, ओहोटीला जाणारं.

चैत्रात तो गिरणीत आला. पांडूच्या होडीतून आला, दुसऱ्याच्या होडीत बसलेला मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. हातात पिशवी, मूठभर तांदूळ. उंबऱ्यापाशी आला आणि मी सवयीने हात पुढे केला. तो उंबरा ओलांडून आत आला. माझ्या हातात पिशवी दिली आणि बाकावर बसला.

"कसो आसंस रे केशवा?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"बरो आसंय," तो म्हणाला.

मी तांदूळ टाकले. एवढंसं दळण, लगेच झालं. पट्टा थांबवला, पिशवी बांधली, ओल्या फडक्याने पुसायला घेतली आणि तशीच ठेवली. "पीठ झाला रे," मी म्हटलं.

"बसतंय जरा, वयनी. घाई नाय."

मी दुसऱ्यांची दळणं घेतली. नाचणी झाली, कोणाची भाजणी झाली. पीठ उडत होतं, नेहमी उडतं तसं. त्याच्या केसांवर बसलं, खांद्यांवर बसलं, भुवयांवर बसलं. तो समोर भिंतीकडे बघत होता. कान कुठेच नव्हता. खालून पांडूने निघायची हाक दिली तेव्हा उठला, पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरला. मी दारात आले. वाटलं, आता बाजूला जाईल, पंचा काढेल, लुंगी झटकेल. तो तसाच पांढऱ्या अंगाने जाऊन होडीत बसला.